दुर्बिणीची नेत्रिका : महाग घ्यावी की स्वस्त?

हरियाणातील मानेसर हे आज मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वत्र परिचित झाले आहे. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून तेथे गेलेले एखादे कुटुंब कोजागरीच्या रात्री गच्चीवर जमले आहे आणि आटीव दुधाच्या पातेल्याशेजारी मुलांसाठी घेतलेली दुर्बीण उभी आहे, असे समजू या. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांची रांग लागते. परंतु एकाने पाहून दुसऱ्यास जागा द्यावी, तोच चंद्र दृष्टीआड होतो. मग थोरला मुलगा म्हणतो, “चांगली नेत्रिका घेऊ या.” किंमत ऐकून आई विचारते, “अरे, नाकापेक्षा मोती जड?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे इष्ट ठरेल.

नेत्रिका, म्हणजे बाजारात जिला आयपीस म्हणतात ती, डोळ्याजवळची भिंगांची नळी होय. दुर्बिणीचा आरसा अथवा पुढचे भिंग प्रकाश गोळा करून प्रतिमा तयार करते. नेत्रिका ती प्रतिमा मोठी करून दाखविते. दुर्बिणीच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वस्तू किती पट मोठी दिसेल ते कळते. 150 मिलिमीटर व्यासाच्या व 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीस 25 मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास 48 पट, तर 10 मिलिमीटरची लावल्यास 120 पट मोठे दिसते. हा हिशेब स्वस्त व महाग अशा दोन्ही नेत्रिकांना सारखाच लागू आहे.

मग किंमत कशाची? सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने दोन भिंगांची नेत्रिका बनविली. अगदी स्वस्त दुर्बिणींबरोबर आजही तिच्याच जातीची नेत्रिका येते. 1860 साली व्हिएन्ना येथील प्लोसल याने चार भिंगांची रचना सिद्ध केली. माफक किमतीत मिळणारी तीच आजची भरवशाची नेत्रिका होय. तिच्यातून सुमारे 52 अंशांचे क्षेत्र दिसते. पुढे 1980च्या सुमारास अमेरिकेतील अल नागलर यांनी अधिक भिंगे योजून 82 अंशांचे क्षेत्र दाखविणारी नेत्रिका बाजारात आणली. अशा नामांकित नेत्रिकेची किंमत साध्या प्लोसलच्या दहापट, किंबहुना त्याहूनही अधिक असते.

या पैशात मुख्यतः रुंदी मिळते. वरील दुर्बिणीत 120 पटीस प्लोसलमधून आकाशाचा सुमारे 26 कलांचा भाग दिसतो. चंद्राचा व्यास सुमारे 31 कलांचा. म्हणजे तो पूर्ण मावत नाही. 82 अंशांच्या नेत्रिकेत 41 कला दिसतात व चंद्र सहज मावतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळे आकाश दर मिनिटास सुमारे 15 कला सरकते. त्यामुळे न हलविलेल्या दुर्बिणीतून गुरू वा शनी पहिल्या नेत्रिकेत सुमारे पावणेदोन मिनिटे, तर दुसऱ्या नेत्रिकेत पावणेतीन मिनिटे राहतो. रांगेतील आजीच्या दृष्टीने हे मिनिट लहान नव्हे.

परंतु मधोमध दिसणारा शनी चांगल्या प्लोसलमध्ये जवळजवळ तितकाच रेखीव असतो. शिवाय आरशाने गोळा न केलेला प्रकाश कोणतीही नेत्रिका निर्माण करू शकत नाही. मानेसरचे आकाश कारखान्यांच्या व महामार्गाच्या दिव्यांनी उजळलेले, तर हिवाळ्यात धुरक्याने भरलेले असते. अंधुक तेजोमेघ त्यात बुडतात. महाग नेत्रिका ते परत आणीत नाही. चंद्र, गुरू, शनी व जोडतारे मात्र तेथूनही उत्तम दिसतात. तेजोमेघांसाठी तोच पैसा काळोख्या गावी जाण्याच्या प्रवासात अधिक सत्कारणी लागेल.

तथापि, तीन प्रसंगी अधिक खर्च योग्य ठरतो. दुर्बिणीचे नाभीय अंतर तिच्या व्यासाच्या चार-पाच पटच असेल, तर साध्या नेत्रिकेत कडेचे तारे फाकलेले दिसतात. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असणाऱ्यास चष्मा लावूनच पाहावे लागते. त्याला डोळा भिंगापासून 15 मिलिमीटर किंवा अधिक दूर ठेवू देणारी नेत्रिका हवी, आणि 10 मिलिमीटरच्या प्लोसलमध्ये हे अंतर सुमारे 7 मिलिमीटरच असते. तिसरे असे की, छंद खरोखर रुजला असेल, तर चांगली नेत्रिका पुढच्या दुर्बिणीसही उपयोगी पडते.

अन्यथा 25 व 10 मिलिमीटरच्या दोन प्लोसल आणि पट दुप्पट करणारे एक बार्लो भिंग एवढ्यावर 48, 96, 120 व 240 असे चार टप्पे साधतात. महाग वस्तू घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या नेत्रिकेतून एकदा पाहावे. पुण्यात 1944 साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा दिल्लीतील हौशी खगोलनिरीक्षकांची संघटना यांसारख्या संस्थांमधून असे अनुभवी सोबती भेटतात.

एक गोष्ट मात्र विसरू नये. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर सूर्य पाहण्यासाठी नेत्रिकेवर बसवायची काळी काच मिळते. ती उष्णतेने तडकली, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. ती काच त्याच दिवशी फेकून द्यावी.

आणि कोजागरीच्या पूर्ण चंद्रावर सावल्या नसतात. त्याची विवरे पाहायची तर शुद्ध अष्टमीच्या सुमारास पाहावे. त्या रात्री 25 मिलिमीटरची साधी नेत्रिकाही आजोबांना व नातवाला सारखेच चकित करील. दोघे एकाच विवराविषयी बोलू लागले, की दुर्बिणीचे पैसे वसूल झाले असे समजावे.