मेक्सिकोतील भाकरी

बालाघाटच्या आमच्या स्वयंपाकघरांतील मका आणि मिरची मूळची मेक्सिकोकडची, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे परागंदा होऊन १९२४ च्या सुमारास तिकडे स्थिरावले. तेथे मका चुन्याच्या पाण्यात उकडून वाटतात व थापून तव्यावर भाजतात. चुन्याने साल सुटते, दाण्यातील सत्त्वही अंगी लागते. सोबत ठेच्यासारखे मिरचीचे वाटण आणि मातीच्या भांड्यात गूळ-दालचिनी घालून उकळलेली कॉफी! वैदर्भी जिभेस हे फार परके नसावे, असे आम्हांस वाटते. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मक्यावरच संशोधन केले. चित्रकार रिव्हेरांच्या भित्तिचित्रात भाकरी मोडून देणारा पुरुष तेच, असे सांगतात. घरची भाकरी मात्र इंग्रज असेतोवर दुर्लभच राहिली. नागपुरास ते कायमचे परतले १९५५ साली.