दुसरा खर्डा कुणाला द्यावा?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' ही शिवाजी महाराजांवरची कादंबरी १९६८ची. तिची प्रस्तावना नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची, आणि ती आहे देसाईंना लिहिलेल्या दीर्घ पत्राच्या रूपात. कौतुकापेक्षा शिवचरित्रातल्या अडचणीच ती जास्त मांडते. असा वाचक हस्तलिखितालाच मिळाला तर लेखकाचं भाग्य!

पहिला खर्डा मात्र कुणालाच देऊ नये; त्यातल्या चुका आपल्याला ठाऊक असतातच. दुसऱ्यासाठी तीन ते पाच वाचक पुरे. एक विषयातला जाणकार. गुऱ्हाळावरची कादंबरी असेल तर काहिलीपाशी उभा राहिलेला माणूस. एक बोली कानात असलेला, म्हणजे पात्राचं कोल्हापुरी खोटं वाजलं की लगेच अडेल. बाकीचे निव्वळ कादंबरीवेडे. १८५०पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात ते भेटतात. घरचे शक्यतो नकोत. लेखकमित्र चालतील, पण ते स्वतःचीच कादंबरी लिहू लागतात.

'कशी वाटली?' विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलंत, कुठलं पात्र आठवत नाही, ते विचारा. दोघे एकाच पानावर अडले, तर ते पान पुन्हा लिहायला घ्या.