कथील: पितळेच्या भांड्याला स्वयंपाकघरात आणणारा धातू

इंद्रवेल्ली मंडळातल्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. याच मुलखात, जैनूरजवळच्या उशेगावात, वोज कारागीर मेणात आकार घडवतात, त्यावर माती लिंपतात, मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओततात. आदिलाबादच्या या डोकरा कलेला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पितळेचं कौतुक झालं, ते योग्यच. पण पितळेच्या पातेल्यात आंबट आमटी शिजवता येते ती कथलामुळे, आणि त्याचं नाव क्वचितच निघतं.

कथील नखानेही ओरखडावं इतकं मऊ. ते वितळतं 232 अंश सेल्सिअसला, पितळ मात्र साधारण 900 अंशांच्या पुढे. कल्हईचं सारं कसब या फरकावर उभं आहे. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर उठतो, पितळेवरचा काळा थर सुटतो. मग कथलाची कांडी टेकवायची. ती लगेच पाघळते. कापसाच्या बोळ्याने ती फिरवली की चंदेरी थर धातूला घट्ट धरतो. आंबट पदार्थाने पितळेतलं तांबं कळकतं. कथील मात्र सहज बधत नाही, आणि पोटात गेलं तरी शिशासारखं विषारी नाही. पत्र्याच्या डब्यांना आतून याच धातूचा मुलामा असतो. मोबाइल दुरुस्त करणारा डाख देतो, त्यातही कथीलच असतं.

13 अंशांखाली शुद्ध कथील हळूहळू राखाडी भुकटी होऊ लागतं. आदिलाबादेत हिवाळ्यात पारा याहून खाली जातो, तरी भांड्यांची कल्हई उडत नाही, कारण हा बदल कडाक्याच्या थंडीतच वेग घेतो आणि थोडी भेसळही त्याला रोखते.

भारतात कथलाचं खनिज मिळतं ते मुख्यत्वे बस्तरच्या दंतेवाडा-सुकमा भागात. तिथले आदिवासी ते नाल्यांच्या वाळूतून धुऊन काढतात.

कल्हई करून घेताना कांडी शुद्ध कथलाची आहे ना, हे जरूर विचारावं. स्वस्त म्हणून शिसं मिसळतात, आणि ते अन्नात उतरतं. शुद्ध कांडी वाकवली की आतल्या स्फटिकांची रचना एकदम बदलून करकर आवाज येतो. शिसं असलं तर तो मंदावतो.