डोकं चार्जिंगला लावलंय!

माझ्या पाण्याच्या बाटलीला ब्लूटूथ आहे. दर तासाला ती लुकलुकते, म्हणजे 'बाई, पाणी पी!' गेल्या आठवड्यात तिचं चार्जिंग संपलं आणि खरं सांगते, दुपारपर्यंत मला तहान लागल्याचं कळलंच नाही.

हसू नका! तुमच्याही ड्रॉवरमध्ये असं एखादं 'स्मार्ट' प्रकरण धूळ खात पडलं असेलच.

जपानमध्ये असल्या अचाट वस्तूंना झकास नाव आहे, चिंदोगु. म्हणजे विचित्र अवजार. ही टूम काढली केन्जी कावाकामी या अवलियाने. सर्दीवाल्यांसाठी डोक्यावर टॉयलेट पेपरचा रोल, गोंदाच्या कांडीसारखी ब्रेडवर फिरवायची बटर स्टिक, मांजरीच्या पायांत फरशी पुसणाऱ्या सपाता... एकाहून एक! पण त्याचे दहा नियम आहेत. वस्तू खरोखर बनवलेली हवी, पण ती विकायची नाही आणि पेटंटही घ्यायचं नाही. थोडक्यात, विनोदाचा धंदा करायचा नाही. गंमत म्हणजे १९९५ साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या पुस्तकात स्वतःचाच फोटो काढायची एक लांब काठीही होती. ओळखलंत ना? सेल्फी स्टिक!

अमेरिकेत मात्र उलटं झालं. तिथे विनोद सीरियसली विकला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ज्युसेरो'ने २०१६ मध्ये ६९९ डॉलरचं ज्यूस मशीन आणलं. वाय-फायवालं! चिरलेल्या फळं-भाज्यांची कंपनीचीच पिशवी आत ठेवायची, मशीन तिच्यावरचा कोड वाचणार आणि मगच पिळणार. गुंतवणूकदारांनी सुमारे १२ कोटी डॉलर ओतले. एप्रिल २०१७ मध्ये 'ब्लूमबर्ग'च्या पत्रकारांनी एक साधी गोष्ट केली. पिशवी हातानेच पिळली. रस जवळपास तेवढाच निघाला! सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. आपला रसवंतीवाला बरा, घुंगरू वाजवतो पण पासवर्ड मागत नाही.

हे वाचून मी पोट धरून हसले. तेवढ्यात मोबाइल वाजला. रिमाइंडर होता, 'कॉल आई'. रविवार, रात्री नऊ. दर आठवड्याला रिपीट.

हसू जागच्या जागी थांबलं. ही पिशवी तर हाताने पिळता येते की! आईची आठवण यायलाही मला मशीन लागतंय? त्या रात्री फोन केला, पण ठेवल्यावर पहिलं काम केलं, ते रिमाइंडर डिलीट करून टाकलं.

दोनच दिवसांनी, भाजी निवडता निवडता, उगाचच तिची आठवण आली. लगेच फोन लावला.

"काय गं, काय झालं?" आईचा आवाज घाबरलेला. "बरी आहेस ना?"

"काही नाही गं, सहज केला."

पलीकडे क्षणभर शांतता.

"अगं, पण आज मंगळवार आहे ना!"