एका खुन्याच्या मनाचा बोलपट

मंडळी, एखादा गवई किंवा नट आपल्याला फार आवडतो. त्याला एकदा जवळून पाहावे, दोन शब्द बोलावे, जमल्यास वहीत त्याची सही घ्यावी, असे कुणालाही वाटते. त्यात वावगे काही नाही. पण संध्याकाळी ज्याची सही घेतली, त्याच्याच पाठीत रात्री गोळ्या झाडणारा एक पंचवीस वर्षांचा तरुण 1980 साली अमेरिकेत निघाला. त्या तरुणाच्या डोक्यात काय चालले होते, हे पडद्यावर दाखवण्याचा प्रयत्न 2007 साली एका चित्रपटाने केला. 'चॅप्टर 27', म्हणजे सत्ताविसावे प्रकरण, हे त्याचे नाव. नाव असे का, ते पुढे येईलच.

आधी मेला तो कोण, ते सांगतो; कारण अशा हकिगतीत मारणाऱ्याचीच कथा लांबत जाते आणि मरणारा मागे पडतो. जॉन लेनन हा इंग्लंडातल्या लिव्हरपूल बंदरातला गायक आणि गीतकार. 'बीटल्स' या चार तरुणांच्या ताफ्यातला तो एक. 1960 नंतरच्या दहा वर्षांत त्यांच्या गाण्यांनी जगातल्या तरुण पोरांना वेड लावले. 1968 साली ही चौकडी महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला आपल्या हृषीकेशला येऊन राहिली होती, आणि त्यांची कितीतरी गाणी तिथेच रचली गेली. पुढे ताफा मोडला. लेनन बायको योको ओनो हिच्यासह न्यूयॉर्कला 'डकोटा' नावाच्या जुन्या इमारतीत राहू लागला. 1975 साली मुलगा झाला, तेव्हा गाणेबजावणे बाजूला ठेवून हा जगप्रसिद्ध माणूस घरी मूल सांभाळत बसला. पाच वर्षांनी, 1980 च्या नोव्हेंबरात, नवराबायकोची नवी तबकडी निघाली. वय अवघे चाळीस.

आता 8 डिसेंबर 1980 चा दिवस पाहा. डकोटाच्या फाटकाशी हवाई बेटांवरून आलेला एक जाडजूड तरुण उभा आहे. मार्क डेव्हिड चॅपमन त्याचे नाव. हे नाव मी एवढे एकदाच घेणार आहे. का, ते सांगेन. हातात ती नवी तबकडी, खिशात पिस्तूल आणि एक कादंबरी. लेननचा पाच वर्षांचा मुलगा दाईबरोबर बाहेर आला, तर याने त्याचा हात हातात घेतला! संध्याकाळी लेनन बाहेर पडला. याने तबकडी पुढे केली, त्याने सही केली आणि आणखी काही हवे आहे का, असे आपुलकीने विचारले. एका हौशी छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. सही मिळाली, फोटोही निघाला. कुणीही आनंदाने घरी गेला असता. हा गेला नाही. रात्री पावणेअकराच्या सुमारास लेनन परतला, तेव्हा याने पाच गोळ्या झाडल्या. चार लागल्या. आणि मग पळून न जाता तो तिथेच ती कादंबरी उघडून वाचत उभा राहिला. पोलीस आले ते त्याला धरायला. शोधावे लागलेच नाही.

ही कादंबरी कोणती? जे. डी. सॅलिंजर यांची 1951 साली निघालेली 'द कॅचर इन द राय'. (राय म्हणजे आपली राई-मोहरी नव्हे, ते गव्हासारखे एक धान्य आहे.) शाळेतून काढून टाकलेला होल्डन नावाचा मुलगा घरी न जाता नाताळाच्या थंडीत न्यूयॉर्कभर भटकतो. मोठी माणसे त्याला सगळी ढोंगी वाटतात. कड्याच्या काठी शेतात लहान मुले खेळत आहेत आणि पडणाऱ्या मुलाला आपण झेलतो आहोत, असे त्याचे स्वप्न. या पुस्तकाची प्रकरणे सव्वीस. आपल्या तरुणाने ठरवून टाकले, की होल्डन म्हणजे मीच, आणि सत्ताविसावे प्रकरण मी लिहिणार. चित्रपटाला नाव मिळाले ते इथून.

दिग्दर्शक जे. पी. शेफर यांचा हा पहिलाच चित्रपट. खुनाआधीचे तीन दिवस, एवढाच त्याचा आवाका. लेनन त्यात फार थोडा दिसतो. (त्याची भूमिका करणाऱ्या नटाचे पहिले नाव आणि आडनाव नेमके त्या खुन्याचेच आहे. योगायोग म्हणायचा!) बाकी सगळा वेळ आपण त्या तरुणाच्या सहवासात असतो. जॅरेड लेटो या शिडशिडीत, देखण्या नटाने या कामासाठी जवळजवळ तीस किलो वजन वाढवले, आणि त्यापायी त्याला सांधेदुखी जडून चालणे कठीण झाले. पडद्यावर तो ओळखूच येत नाही. त्याचे मनातले बोलणे हलक्या, गोडसर आवाजात सतत आपल्या कानावर पडत राहते. खोलीत तो एकटा, रस्त्यावर एकटा, फाटकाशी चार माणसांत असला तरी एकटाच. ज्यूड नावाची एक चाहती त्याच्याशी मोकळेपणाने बोलते, तर हा क्षणात लाघवी आणि क्षणात खेकसणारा. हिवाळ्यात तळे गोठले की बदके कुठे जातात, हा कादंबरीतल्या मुलाचा प्रश्न तो स्वतःचा म्हणून लोकांना विचारतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, की हा माणूस आपल्याशी बोलत नसून पाठ केलेले म्हणून दाखवतो आहे. चित्रपटातली मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट हीच. खुनापेक्षा त्या फाटकापुढच्या रिकाम्या तासांचीच भीती वाटते.

पण तीनच दिवस दाखवल्याने फार काही हातून निसटले आहे. हाच तरुण किशोरवयात मुलांच्या शिबिरात काम करी आणि मुलांना तो आवडे. 1975 साली व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीत त्याने मन लावून सेवा केली. 1977 साली हवाईत त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, वाचला, आणि ज्या इस्पितळात उपचार झाले तिथेच कामाला लागला. पुढे लग्नही झाले. शिक्षकबंधूंनो, इथे घाईने चुकीचा अर्थ काढू नका. मन खचलेली माणसे आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात आणि त्यांतली बहुतेक कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. सांगायचे आहे ते वेगळेच. नोव्हेंबरात हा एकदा न्यूयॉर्कला जाऊन हात न उचलता परतला होता, आणि आपण काय करायला गेलो होतो हे त्याने बायकोपाशी कबूल केले होते. पिस्तूल समुद्रात फेकले, असे तो म्हणाला. तिने विश्वास ठेवला. तिला दोष देणे सोपे आहे; पण आपल्या घरच्या माणसाने 'आता सगळे ठीक आहे' म्हटले, तर आपणही हेच करतो की नाही? हा प्रसंग पडद्यावर पाहायला हवा होता. 2006 सालच्या 'द किलिंग ऑफ जॉन लेनन' या दुसऱ्या चित्रपटाचा पट मोठा आहे. त्यात हवाईपासून तुरुंगापर्यंतचा प्रवास आहे आणि बोलणेही त्या खुन्याच्याच शब्दांवर बेतलेले आहे.

बरे, एवढा खटाटोप केला कशासाठी? गाण्यात मालमत्ता नको म्हणणारा लेनन स्वतः ऐषआरामात राहतो, तो ढोंगी आहे, असे त्याचे म्हणणे चित्रपटात वारंवार येते. ते ऐकता ऐकता आपल्यालाही वाटू लागते, की याच्या डोक्यात निदान काही तत्त्व तरी होते. आणि इथेच सावध राहावे. 2010 साली, म्हणजे चित्रपटानंतर, सुटकेच्या सुनावणीत त्याने सांगितले, की यादीत इतरही नावे होती: दूरदर्शनवरचा जॉनी कार्सन, नटी एलिझाबेथ टेलर. लेननपर्यंत पोचणे सोपे होते, म्हणून लेनन! त्याला नाव हवे होते. नंतरच्या सुनावण्यांतही त्याने कीर्तीची हाव हेच कारण दिले. होल्डन, ढोंग, बदके हा सारा वरचा साज ठरतो.

तेव्हा ज्याने नावासाठी माणूस मारला, त्याच्यावर चित्रपट काढणे म्हणजे त्याची मागणी पुरी करणे नव्हे काय? हा प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी 356 साली हेरोस्ट्राटस नावाच्या माणसाने केवळ नाव व्हावे म्हणून एफेसस नगरीतले आर्टेमिस देवीचे प्रख्यात मंदिर पेटवले. नगरवासीयांनी त्याचे नाव उच्चारायलाच बंदी केली. तरी ते एका इतिहासकाराच्या लेखणीतून सुटले, आणि आज मीही ते तुम्हाला सांगून बसलो! नाव पुसता येत नाही, हे खरे. पण ते किती वेळा घ्यायचे, हे आपल्या हाती असते. म्हणून मी वर तसे म्हटले. चित्रपट काढूच नये, असे माझे मत नाही. पण ज्याच्या शेजारी आपल्याला तासभर बसवले, त्याचे पोकळपण दाखवावे. त्याला दुःखी कवीची कळा देऊ नये. लेटोचा अभिनय हे भान बराच वेळ राखतो, पटकथा मात्र मधूनच सोडते.

खुन्याने 1981 साली गुन्हा कबूल केला आणि वीस वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. 2000 पासून तो सुटकेचा अर्ज करत आला आहे. 2025 पर्यंत चौदा वेळा तो नामंजूर झाला.

कुणी शिक्षक विचारतील, वरच्या वर्गातल्या मुलांना हा चित्रपट दाखवावा का? मी दाखवणार नाही. त्यांच्याबरोबर ती कादंबरी वाचीन. पडणाऱ्या मुलांना झेलू पाहणाऱ्या त्या मुलाची गोष्ट लाखो मुलांनी वाचली आहे, आणि वाचून झाल्यावर कुणाशी तरी तिच्याविषयी बोलली आहेत. त्या तरुणापाशी बोलायला तेवढे कुणी उरले नव्हते.