कळ थांबली, पण खडा गेला का?

उन्हाळा तापू लागला की मूतखड्याच्या तक्रारी वाढतात. घाम भरपूर जातो, त्या मानाने पाणी कमी प्यायले जाते आणि लघवी दाट होते. मग तिच्यातील कॅल्शियम, ऑक्झॅलेट, युरिक ॲसिड यांचे स्फटिक जमून खडा तयार होतो.

खडा मूत्रपिंडात असेपर्यंत बहुधा काही जाणवत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरून अडकला की दुखणे सुरू होते. ही नळी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद असते. कळ एका बाजूला, बरगड्यांखाली पाठीत उठते आणि जांघेकडे उतरते. रुग्ण कूस बदलतो, येरझारा घालतो, पण कशानेच आराम पडत नाही. याउलट अपेंडिक्स फुटलेला रुग्ण हालचाल टाळून पडून राहतो. सोबत मळमळ, उलटी, लालसर लघवी होऊ शकते. खडा मूत्राशयाजवळ आला की जळजळ होते आणि सारखी लघवीची भावना होते.

इंजेक्शन घेतल्यावर कळ थांबते आणि ‘खडा पडला’ असे समजून अनेक जण तपासणी सोडून देतात. धोका इथेच आहे. लघवी अडून मूत्रपिंडावर अचानक ताण येतो, म्हणून कळ येते. अडथळा कायम असला तरी हा ताण काही काळाने ओसरतो आणि दुखणे थांबते. आत मात्र लघवी तुंबून मूत्रपिंड फुगते. असे काही आठवडे चालले तर त्याचे काम कायमचे कमी होऊ शकते. दुसरे मूत्रपिंड काम सांभाळत असल्याने रुग्णाला याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून खडा गेला की नाही, हे तपासणीनेच ठरवावे. सोनोग्राफीत मूत्रपिंडातील खडे आणि मूत्रपिंडाची सूज दिसते. किरणोत्सर्ग नसल्याने ती गरोदरपणातही सुरक्षित आहे. मात्र मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा आतड्यांतील वायूमुळे तिच्यातून निसटू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियमचे खडे बहुधा दिसतात, निव्वळ युरिक ॲसिडचे दिसत नाहीत. त्यामुळे ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ म्हणजे खडा नाही, असे नव्हे. शंका उरली तर सिटी स्कॅन करतात. त्यासाठी शिरेतून औषध द्यावे लागत नाही आणि जवळपास सर्व प्रकारचे खडे त्यात दिसतात. खड्याचा आकार आणि जागा नेमकी कळते.

उपचार त्यावरच ठरतात. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. 10 मिलिमीटरपेक्षा मोठा खडा पडण्याची शक्यता फार कमी असते. वाट पाहायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाहावी. साधारण 4 ते 6 आठवड्यांत खडा न पडल्यास तो काढण्याचा विचार करावा लागतो. कुळथाचे कढण जरूर प्यावे, पण त्याच्या भरवशावर सोनोग्राफी टाळू नये.

कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तो रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. अशा वेळी नुसत्या औषधांनी भागत नाही. नळी घालून आधी लघवीला वाट करून द्यावी लागते.

एकदा खडा झालेल्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता असते. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ कमी करावे. दूध-दही बंद करू नये, कारण आहारातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच अडवते. पडलेला खडा फेकून न देता तपासणीसाठी आणावा. आणि दुखणे थांबले असले तरी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफीसाठी जावे.