औंधचा डोंगर आणि ७२ गावांचं राज्य

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की कोरेगावपर्यंत ऊस सोबत करतो. पुढे वर्धनगडाचा घाट ओलांडून पुसेगावच्या बाजूला उतरलं की बोडके डोंगर सुरू होतात. ही महादेवाची डोंगररांग, सह्याद्रीचा पूर्वेकडे गेलेला फाटा. ढग पश्चिमेला महाबळेश्वरावरच रिते होऊन इथवर येतात. म्हणून खटाव-माणचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखत, मुंबईची गिरणी गाठत, नाहीतर सोन्याचांदीच्या गलाईसाठी परमुलखात दुकान थाटत जगला. अशा मुलखातल्या औंध गावी, यमाईच्या डोंगराच्या उतारावर राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही आहे.

वाट वाकडी करून हे बघायला येणारे बहुतेक जण ‘राजाला नाद होता’ एवढं म्हणून परततात. नाद होताच. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली औंध संस्थानच्या गादीवर आले. ते स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत आणि भेटेल त्याला सूर्यनमस्कार घालायला लावत. ‘चित्ररामायण’ त्यांचंच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिच्यामागेही त्यांचा पाठपुरावा होता. पण नुसत्या नादापायी माणूस आपला संग्रह राजवाड्यात कुलूपबंद ठेवतो. भवानरावांनी १९३८ साली त्यासाठी वेगळी इमारत बांधली. तीही अशा जागी, की डोंगरमाथ्यावर यमाईच्या मूळपीठाच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाच्या वाटेतच ती पडावी. मला या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही जागाच वाटते. ज्यानं मुंबईची जे. जे. कलाशाळा कधी पाहिली नाही, त्या शेतकऱ्याला देवीचा नारळ फोडता फोडता रविवर्मा बघायला मिळाला.

आत गेल्यावर घाई करू नये. हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती, लघुचित्रं, बंगाल शैलीतली चित्रं, जुन्या पोथ्या असा हजारो वस्तूंचा पसारा आहे. सगळं एका फेरीत बघू म्हणाल तर काहीच लक्षात राहणार नाही. मी ‘सैरंध्री’पाशी थांबतो. सुदेष्णेनं दासी झालेल्या द्रौपदीला मद्य आणायला कीचकाच्या महालात धाडलंय. तिथं काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक आहे आणि नाही म्हणायची सोय नाही. रविवर्म्यानं कीचक दाखवलेलाच नाही. त्याची दहशत सगळी बाईच्या अंगावर उतरली आहे. एकदा शाळेची सहल आत आली होती. पोरं तलवारी शोधत पुढे पळाली. दोन मुली मात्र या चित्रापुढे थबकल्या आणि ‘ही का रडतीया?’ म्हणून बाईंना विचारू लागल्या. बाईंनी तिथंच उभ्याउभ्या विराटपर्व सांगितलं. भवानरावांना याहून निराळं काही हवं असेल, असं वाटत नाही.

इथून वर मूळपीठापर्यंत पायऱ्याही आहेत आणि गाडीरस्ताही. देऊळ किल्ल्यासारखं तटबंदीत आहे. जोतिबानं ‘ये माई’ अशी हाक मारली म्हणून ही यमाई, अशी इथली कथा. पौषात यात्रा भरते तेव्हा डोंगराला पाय ठेवायला जागा नसते. एरवी तटावरून सगळा मुलूख निवांत न्याहाळता येतो, आणि नेमकं तिथंच औंध संस्थान किती इवलंसं होतं हे ध्यानात येतं. एकूण ७२ गावं, तीही एकसलग नाहीत. औंध इथं, आटपाडी पूर्वेला, कुंडल दक्षिणेला कृष्णेच्या खोऱ्याकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. मधल्या मोकळ्या जागांत इंग्रजी अंमल, नाहीतर दुसऱ्याची संस्थानं.

पण या तुकड्यांत काय काय घडलं ते बघा. बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना भवानरावांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ औंधातच वेदांचे ग्रंथ छापत होतं. साने गुरुजी विद्यार्थी म्हणून औंधच्या शाळेत आले होते, प्लेगमुळे त्यांना परतावं लागलं. माडगूळ संस्थानच्याच हद्दीतलं, त्यामुळे गदिमाही शिकायला औंधला.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र काचेच्या कपाटात ठेवता येण्यासारखी नाही. भवानराव, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानची राज्यघटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. खाली गावपंचायत, तिच्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ अशी रचना करून राजानं आपली सत्ता रयतेच्या हाती दिली. बाकीचे संस्थानिक तोफांच्या सलाम्या मोजत होते त्या काळातली ही गोष्ट. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तिथं कैदी भिंतीविना राहून शेती करत. गदिमांच्या लेखणीतून आणि शांतारामबापूंच्या दिग्दर्शनातून १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ आला, त्याचं मूळ इथलं. ती खुली वसाहत आजही आहे.

म्हणून संग्रहालय पाहून लगेच गाडी फिरवणं मला पटत नाही. खाली गावात राजवाडा आहे, ग्रामदेवीच्या देवळापुढची उंच दीपमाळ आहे. वडूज फार लांब नाही. ते इंग्रजी अमलात होतं आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथल्या मामलेदार कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती त्यात पडले. औंधच्या हद्दीत तेव्हा वेगळी हवा होती. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या भूमिगतांना संस्थानी गावांत आसरा मिळे, कुंडल तर त्यांचं ठाणंच झालं. वर तटावरून पाहिलेल्या तुकड्यातुकड्यांच्या नकाशाचा हा उपयोग कुणी योजला नव्हता, पण झाला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि गावपंचायतींचा तो प्रयोगही तिथंच थांबला.

वेळ उरला तर येताना वर्धनगड चढावा. शिखर शिंगणापूर मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवावं, आणि जमल्यास चैत्रात, मुंगी घाटातून कावडी वर चढतात तेव्हा जावं.

औंधला जायचा माझ्या मते उत्तम मुहूर्त दिवाळीच्या तोंडावरचा. पाऊस सरलेला असतो, डोंगरावर थोडंफार हिरवं शिल्लक असतं आणि आश्विन वद्य पंचमीला गावात संगीत महोत्सव असतो. १९४० साली तो सुरू झाला, आणि गजाननबुवा जोशींचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यांचे वडील अंतुबुवा औंध दरबारचे गवई. निघण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या, आणि जेवणाचं आधी सांगून ठेवा. महोत्सवाच्या दिवशी गावात श्रोत्यांची गर्दी असते आणि खाणावळी मोजक्याच.